काटा नादुरुस्त

७ फेब्रुवारी

ताई,

आधी कामाचं. कालव्याच्या पाण्याची पाचवी पाळी एक मार्चला सोडू नका. सतरा-अठरा फेब्रुवारीच्या आत सोडा. पंधरा तारखेला तुमच्या पाणी समितीची बैठक आहे, तू अध्यक्ष आहेस, तारीख पुढे-मागे करणं तुमच्याच हातात आहे. कुणी ऐकेना तर हे पत्र वाचून दाखव. त्यासाठीच जरा गिरवून लिहिलंय, नाहीतर माझं अक्षर तुला माहीत आहे.

दोन वर्षांनी लिहितेय आणि ना ख्याली ना खुशाली, पहिल्याच ओळीत पाणी. तू म्हणशील, हिची खोड काही जात नाही.

बैठकीतल्या लोकांना आमचं काम ठाऊक नसेल, म्हणून मुळापासून सांगते. इथे आमच्या गव्हाच्या केंद्रात जमिनीत पुरलेली सहा लोखंडी खोकी आहेत, एकेक लहान खोलीएवढं. आत माती, वर गहू. प्रत्येक खोकं एका मोठ्या काट्यावर बसवलेलं आहे. रोज सकाळी सातला मी जिना उतरून खाली तळघरात जाते आणि सहाही काट्यांचं वजन वहीत लिहिते. कालच्यापेक्षा वजन जेवढं घटलं, तेवढं पाणी पिकानं आणि उन्हानं मिळून ओढलं. बावीस वर्षं मी एवढंच करतेय. इथे मला सगळे 'काटेवाली'च म्हणतात. सहापैकी तीन खोकी उघड्यावर आहेत आणि तीन काचेच्या भिंतींत. काचेतल्यांवर हीटर लावलेत, बाहेरच्यापेक्षा दोन अंश जास्त ऊब राहील असे. हवा तापल्यावर गहू कसा वागेल ते आधीच बघून ठेवायचं, असा त्यामागचा विचार.

यंदा जानेवारीच्या शेवटापासून बाहेरच्या खोक्यांचे आकडे वाढायला लागले. मी रोज बघत होते आणि रोज मनाची समजूत घालत होते. काचेतले आकडे मात्र नेहमीसारखे येत होते, दर वर्षी हीटर चालू असताना येतात तसेच. म्हणून त्यांच्याकडे मी लक्षच दिलं नाही.

परवा वायरमन तळघरातला दिवा बदलायला आला. जाता जाता त्यानं हीटरची पेटी उघडली आणि म्हणाला, "बाई, तुमचे हीटर बंद आहेत. फ्यूज उडालाय." मीटर पाहिलं. नऊ दिवस बंद होते.

ताई, नऊ दिवस हीटर बंद आणि मला, काटेवालीला, पत्ता नाही. कारण फरकच पडला नाही. काचेत जी ऊब आम्ही वीज जाळून आणत होतो ती बाहेर फुकट आली होती. वायरमन हसत होता, केंद्राची वीज वाचली म्हणाला. मी तिथेच वही उघडून नऊ दिवसांचे आकडे पुन्हा वाचले.

आता तुमच्यापुरतं. सकाळचा पारा सतराच्या खाली उतरत नाही, या दिवसांत तो अकरावर असायला हवा. गव्हाला अशी ऊब मिळाली की तो भरत नाही, नुसता घाईनं म्हातारा होतो. इथला गहू बारा दिवस आधी फुलोऱ्यात आला, तुमचाही आला असणार. म्हणजे दाण्यात दूध भरायचं ते आठवड्याभरात. कालव्याचं वेळापत्रक मात्र जुन्या हवेवर बांधलेलं आहे. एक मार्चला तुम्ही जे पाणी द्याल ते काडीला मिळेल, दाण्याला नाही.

पाणी हलकं द्या. वारा असेल त्या दिवशी देऊ नका, ओल्या मातीत मुळं ढिली होतात आणि गहू लोळतो.

भाऊजींचा पाय कसा आहे? काठी सुटली का?

तुझी धाकटी

ता.क. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. उत्तर द्यायचं असेल तर संध्याकाळी तोच परत येतो.

१० फेब्रुवारी

ताई,

काल भाऊजींचा फोन आला. आवाज तोच आहे त्यांचा, पण मधेमधे थांबतात. म्हणाले, तुझं पत्र तिनं दोनदा वाचलं, दिव्याखाली धरून वाचलं. मग तुझे दोन निरोप सांगितले. एक, हे सगळं केंद्राच्या कागदावर, शिक्क्यानिशी पाठव. धाकट्या बहिणीच्या चिठ्ठीवर चौऱ्याहत्तर घरांचं पाणी हलत नाही. दोन, तेव्हा विचारलं होतं तेच पुन्हा विचारते आहे, 'चार पाण्यांत गहू' या तुमच्या पत्रकात काही चूक होती का?

पहिलं अगदी रास्त आहे. मी त्याच दुपारी थोरल्या सरांकडे गेले. थोरले सर म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख. वाईट माणूस नाही, ताई. माझ्या आजारपणात स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं त्यांनी. त्यांनी आकडे नीट पाहिले, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, एका वर्षाच्या नऊ दिवसांवर केंद्र सल्ला देत नसतं. हवामान खात्याचा अंदाज 'सरासरीपेक्षा किंचित जास्त' एवढाच आहे. उद्या पाणी आधी दिलं, वारा सुटला, गहू लोळला, तर लोक कुणाच्या दारात येतील? मग म्हणाले, बहिणीला घरगुती सल्ला दे ना, कोण अडवतंय. शिक्का नाही.

तेव्हा शिक्का नाही.

काल दुपारी एक गोष्ट पाहिली, ती लिहिते. हीटर दुरुस्त झालेत, त्यामुळे काचेतली खोकी आता बाहेरच्यापेक्षा खरोखर दोन अंश पुढे आहेत. बारा वाजता त्यांतला एक काटा एकदम मंदावला. माती ओली होती, मी हात घालून पाहिली. पाणी समोर असून गहू प्यायचा थांबला. हवा इतकी कोरडी आणि तापलेली झाली की पानांनी तोंडं मिटून घेतली. तोंड मिटलं की पाणी वाचतं, पण पान तापतं. पाणी बाहेर सोडूनच ते गार राहतं, आपल्याला घाम येतो तसं. मी पानावर तापमापकाची नळी टेकवली. हवेपेक्षा पान चार अंश गरम होतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र छान हिरवागार, सरळ उभा गहू. एकही पान कोमेजलेलं नाही.

मला रात्री तेच दिसत राहिलं. जाऊ दे.

पत्रकाबद्दल. ते त्या वेळी हाती असलेल्या आकड्यांवर बरोबर होतं. भाऊजींना मी फोनवर 'चूक नव्हती' असंच सांगितलं. तू बैठकीत माझ्या पहिल्या पत्रावर भर दे, पत्रकाचा विषय काढू नकोस. जुन्या गोष्टीत लोक अडकले की नव्याकडे कुणी बघत नाही.

धाकटी

१३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तीनदा फाडलं. आता फाडणार नाही, कारण बैठकीला दोन दिवस राहिलेत आणि सकाळची गाडी चुकली तर हे पोहोचायचंच नाही.

काल संध्याकाळी कंडक्टरनं तुझी चिठ्ठी दिली. दोनच ओळी. "शिक्का नाही तर निदान खरं दे. तू फोनवर बोलताना तुझा आवाज ह्यांना आवडला नाही." भाऊजींना माझा आवाज कळतो हे मी विसरले होते.

पत्रकात चूक होती. ती मी केली.

त्या पत्रकासाठी तीन वर्षं मोजमाप झालं होतं. पहिली दोन वर्षं थंड गेली. उघड्यावरच्या खोक्यांत गहू दाणा भरताना दिवसाला बावीस लिटरच्या आसपास पाणी ओढायचा आणि चार पाळ्यांत काम भागायचं. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारी तापला. त्या वर्षी त्याच खोक्यांनी दिवसाला छत्तीस लिटर ओढलं. चौथ्या पाळीचं पाणी अर्ध्यातच संपलं आणि दाणे सुरकुतले. मी आकडे सरांकडे नेले. त्यांनी ते पाहिले. मग म्हणाले, "हा आकडा खरा असेल तर पत्रक खोटं ठरतं. पत्रक छापून झालंय. नक्की चुकलंय काय, ते तुम्हीच बघा."

एवढंच म्हणाले. खोटं लिहा असं ते म्हणाले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूनं नाही लिहीत, माझ्या विरुद्ध लिहितेय.

मी खाली गेले. आमच्याकडे काटे तपासायची वीस-वीस किलोची आठ लोखंडी वजनं आहेत. एकेक उचलून तिन्ही काट्यांवर ठेवली. कंबरडं मोडलं. काटे चोख होते, ताई, छटाकभराचाही फरक नव्हता. मग मी वही उघडली आणि तिन्ही खोक्यांपुढे लिहिलं: 'काटा नादुरुस्त. नोंदी वगळल्या.' खाली सही केली, तारीख घातली. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

मी स्वतःला सांगितलं, एकच वर्ष तसं गेलं, असं काही रोज होत नाही. सांगितलं, पत्रक थंड वर्षांसाठी बरोबर आहे. माझी खोली केंद्राच्या आवारात आहे, नोकरी गेली तर खोली जाईल, हेही सांगितलं, पण ते सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात.

मग तुमच्या भागानं ते पत्रक वाचलं. तू अध्यक्ष, बहिणीच्या केंद्राचं पत्रक, त्यामुळे तू कुणाला विचारायलाही गेली नाहीस. पाचव्या पाळीचं पाणी तुम्ही त्या वर्षी वरच्या बागांना सोडून दिलंत. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारी पुन्हा तापला तेव्हा तुमच्याकडे द्यायला पाणीच उरलं नव्हतं. लोक म्हणाले, अध्यक्षबाईंनी पाणी विकलं. कालव्याच्या दारावर धक्काबुक्की झाली, भाऊजी मधे पडले आणि खाली गेले. खुब्याचं हाड.

तू दवाखान्याच्या व्हरांड्यातून फोन केला होतास. मला अजून मागचे आवाज ऐकू येतात, कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं. तू विचारलंस, पत्रकात काही चूक आहे का. मी म्हणाले, नाही. तू म्हणालीस, मग ये आणि लोकांसमोर एवढंच सांग की हे उष्णतेनं झालं, माझ्या बहिणीनं काही विकलं नाही. मी म्हणाले, सुट्टी मिळत नाही.

माझी सव्वीस दिवसांची सुट्टी शिल्लक होती. तुमची बैठक होती त्या दिवशी मी तळघरात बसून काटे पुसत होते. सहाही काटे तेल लावून पुसले. संध्याकाळ होईपर्यंत पुसले.

लोकांसमोर उभी राहिले असते तर कुणीतरी विचारलं असतं, तुमच्या केंद्राला हे आधी कळलं नाही का? आणि मला तिथे तुझ्या शेजारी उभं राहून खोटं बोलावं लागलं असतं. फोनवर ते जमलं. तुझ्या शेजारी जमलं नसतं.

हे सगळं बैठकीत वाचलंस तरी चालेल. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. इथून काय होईल याची वाटते, पण त्याहून जास्त तू हे वाचत असतानाच्या तुझ्या चेहऱ्याची वाटते. तरीही पहिल्या पत्रातला एकेक आकडा खरा आहे. सतरा-अठरा. त्यापुढे उशीर होईल.

धाकटी

१८ फेब्रुवारी

ताई,

भाऊजींनी सगळं सांगितलं. तू उभी राहून अख्खं पत्र वाचलंस. सुट्टीच्या ओळीशी थांबलीस, पाणी प्यायलीस, आणि मग पुढे वाचलंस. शेवटी बैठकीतल्या त्या चष्मेवाल्या आजोबांनी विचारलं की जी तेव्हा खोटं लिहू शकली, ती आता खरं लिहितेय कशावरून?

तू म्हणालीस, "तेव्हा खोटं लिहून तिचं काही गेलं नाही. हे लिहून जाईल."

भाऊजी म्हणाले, यापलीकडे तू माझी बाजू घेतली नाहीस. यापलीकडे मला नकोच आहे.

एकमत झालं नाही ते ऐकलं. ज्यांना आधी पाणी हवंय त्यांनी सह्या करायच्या, बाकीच्यांना एक मार्चलाच. चौऱ्याहत्तरपैकी एकतीस सह्या. काल सकाळी दार उघडलं आणि पाणी चालू आहे. एकतीस घरांनी माझ्या शब्दावर आपलं शेवटचं पाणी खर्च केलं. ही एकतीस माणसं मी पाहिलेलीही नाहीत.

मग मी भाऊजींना सहज विचारलं की तुमच्या शेताला पाणी कधी लागलं. म्हणाले, "तिनं सही केली नाही."

मला आधी कळेना. वाटलं, तुझाही विश्वास बसला नाही. मग ते म्हणाले, विश्वास तिच्याइतका कुणाचाच नव्हता. पण बहिणीच्या पत्रावर अध्यक्षबाईंनी पहिलं पाणी आपल्या शेतात घेतलं असं उद्या कुणी म्हणायला नको. एकदा ऐकलंय ते पुरे, म्हणाली.

ताई, अजून वेळ आहे. उद्या सही कर. एक ओळ लिहून द्यायची आहे. लोक काय, बोलायचं ते बोलतातच. तुला ठाऊक आहे एक मार्चला त्या पाण्याचा काही उपयोग नाही, तुला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. लोकांनी बोलू नये म्हणून आपलं उभं पीक जाळायचं, हा कुठला हट्ट? हे मी लिहू नये, मला कळतं. मी तर लोकांनी बोलू नये म्हणून त्याहून वाईट केलं. पण तू सही कर.

सर अजून काही बोललेले नाहीत. आज सकाळी माझ्या नमस्काराला त्यांनी मान हलवली नाही.

धाकटी

२३ फेब्रुवारी

ताई,

चार दिवस झाले, पारा दुपारी सदतीसच्या खाली येत नाही. हे मी केंद्राच्या तापमापकावरून लिहीत नाही. खोलीच्या खिडकीत एक स्वस्तातला टांगलाय, त्यावरून लिहितेय. तळघराची किल्ली माझ्याकडे नाही.

एकोणीसला सकाळीच सरांनी बोलावलं. टेबलावर तुमच्या बैठकीची बातमी छापलेलं स्थानिक वर्तमानपत्र होतं आणि शेजारी टाईप केलेला कागद. त्यात लिहिलं होतं की गेली काही वर्षं माझी प्रकृती ठीक नसून मनःस्थिती अस्थिर असल्यामुळे बहिणीला लिहिलेला मजकूर विश्वासार्ह मानू नये. खाली माझं नाव, सहीला जागा. सर म्हणाले, एवढी सही करा, खोली राहील, पेन्शनही राहील. मी पेन हातात घेतलं होतं, हे तुला सांगायला हवं. टोपणसुद्धा काढलं होतं. मग मी म्हणाले, सर, या हातानं एकदा चोख काट्याला नादुरुस्त लिहिलंय, आता स्वतःलाही तसंच लिहायला सांगताय. टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं. चौकशी होईपर्यंत माझी बदली बियाण्याच्या गोदामात झाली आहे. पोती मोजायची, उंदरांवर नजर ठेवायची. खोली महिनाअखेरीपर्यंत सोडायची आहे.

काट्यांवर आता एक नवीन माणूस जातो. तो आठला जातो, कधी नऊला. बावीस वर्षांत पहिल्यांदा गव्हानं काल किती पाणी ओढलं हे मला माहीत नाही. गोदामाच्या जाळीतून खोकी दिसतात. बाहेरच्या तिन्हींचा गहू पिवळा पडलाय. पिकतोय तसा पिवळा नव्हे. टोकाकडून खाली, भाजल्यासारखा.

आणि वारा. एकोणीसच्या दुपारी वारा सुटला तेव्हा मी पोत्यांच्या मधे उभी होते. पत्रा वाजायला लागला. तुमच्याकडे तेव्हा पाणी चालूच होतं. सर हेच तर म्हणाले होते. मी सगळं मोजलं होतं आणि वारा मोजला नव्हता. पहिल्या पत्रात एक ओळ लिहून मोकळी झाले होते, वारा असेल त्या दिवशी देऊ नका, जसं काही वारा आदल्या दिवशी निरोप धाडतो.

भाऊजी फोन उचलत नाहीत. कंडक्टर म्हणतो, त्या बाजूला सगळे शेतातच आहेत. लोळला का गहू? किती घरांचा? तू सही केलीस का? एकच ओळ पाठव. वाईट असेल तरी पाठव, वाईटच असणार असं धरून मी चार दिवस बसले आहे आणि त्याहून वाईट काय ते रोज नवीन सुचतं.

धाकटी

४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आणि दोन पुड्या मिळाल्या. मी आता वायरमनच्या आईच्या घरी मागची खोली घेऊन राहते. म्हातारीला ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचं छान जमतं. मी दिवसभर काहीही बोलले तरी ती 'हो ना' म्हणते.

तुझं पत्र चौदा ओळींचं आहे. मी ते मोजलं. त्यात रागाची एकही ओळ नाही, आणि मायेचीही नाही, कामाच्या चौदा ओळी. तू लिहिलंस की एकतीसपैकी सहा घरांचा गहू एकोणीसच्या वाऱ्यात लोळला. त्यांतली एक बाई, रस्त्याला लागून पहिलं घर जिचं, चिखलानं भरलेल्या ओंब्या मुठीत घेऊन तुझ्या दारात आली आणि काही न बोलता तुझ्या पायरीवर ठेवून गेली. उरलेल्या पंचवीस घरांचा गहू उभा राहिला. एक मार्चच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या बेचाळीस घरांचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस, आणि त्रेचाळिसावं घर तुझं. पुडीवर फक्त 'आमचा' असं लिहिलंयस. दुसरीवर 'शेजारचा, १७ ला पाणी'.

मी काल दुपारी वायरमनच्या ओळखीनं एका सोनाराचा काटा मागून घेतला. दोन्ही पुड्यांतले हजार-हजार दाणे मोजून काढले. पोसलेल्या गव्हाचे हजार दाणे बेचाळीस ग्रॅम भरतात, ते बावीस वर्षं माझ्या बोटांना पाठ आहे. तुमच्या दाण्यांचं वजन एकवीस आलं. मी पुन्हा मोजले. एकवीस. अर्धं. चिमटीत धरले तर मधे खोल गेलेले, पीठ निघायचं ते सालीतच संपलेलं.

मग शेजारचे. हे टपोरे दिसत होते, मला वाटलं होतं चाळीस तरी येतील. छत्तीस आले.

ताई, या छत्तीसनं मला तुमच्या एकवीसपेक्षा जास्त घाबरवलंय. तुमचं का झालं ते कळतं, पाणी मिळालं नाही. त्यांना तर मिळालं. योग्य दिवशी मिळालं, हलकं मिळालं, वाऱ्यातून वाचलं. सगळं जुळून आलं तरी सातवा हिस्सा हवेनंच खाल्ला. मी तुम्हाला लिहिताना मनात धरलं होतं की तारीख चुकली नाही तर सगळं वाचेल. तारीख बरोबर होती.

तुझ्या शेवटच्या ओळीत तू विचारलंस, "पुढच्या वर्षी काय पेरायचं आणि किती पाणी धरायचं? दहा तारखेची बैठक त्यासाठीच आहे. लोकांना तू हवी आहेस. शिव्या द्यायला हवी असशील, पण हवी आहेस."

मी तीन रात्री यावर कागद खरडतेय. पेरणी आधी करावी, तर तेव्हा जमीन तापलेली असते आणि रोप अंगच धरत नाही. लवकर येणारी जात घ्यावी, तर ती कमी दिवस पाणी पिते खरी, पण दाणाही कमी देते. पाणी वाढवावं, तर धरणात सहाव्या पाळीचं पाणी नाही, आणि काचेतल्या खोक्यात मी डोळ्यांनी पाहिलंय की एका हद्दीपुढे गहू समोरचं पाणीसुद्धा पीत नाही. गहू कमी करून दुसरं काही घ्यावं, तर त्याच्या पाण्याचं मोजमाप आमच्याकडे कुणी केलेलंच नाही. प्रत्येक कागदाच्या शेवटी मी तेच लिहितेय आणि खोडतेय.

मला माहीत नाही, ताई.

हे तुझ्या बैठकीत येऊन सांगायचं? सहा घरांचा लोळला, बेचाळीस घरांचा वाळला, त्यांच्यासमोर उभं राहून, मी बावीस वर्षं मोजलं आणि पुढच्या वर्षाचं मला माहीत नाही? पत्रकात किती ठामपणे लिहिलं होतं मी, 'चार पाणी पुरेत'.

पण येते. जे माहीत आहे ते सांगेन, जे नाही ते नाही म्हणून सांगेन, आणि ते शिव्या देतील तेवढा वेळ उभी राहीन. चौकशीचं बोलावणं बारा तारखेला आहे, त्याच्या आत परतता येईल. वायरमननं जुन्या वह्यांच्या प्रती काढून दिल्यात, नादुरुस्त ठरवलेल्या वर्षासकट. त्या तुमच्या समितीकडेच राहू देत. इथे कधी कुठे जातील सांगता येत नाही.

नऊ तारखेला दुपारच्या गाडीनं निघते. चारला पोहोचेन. गाडी थांबते तिथून तुझ्या घरापर्यंत यायचं म्हणजे रस्त्यावरचं ते पहिलं घर ओलांडावं लागणार. ती बाई चार वाजता बाहेरच बसलेली असते, असं कंडक्टर म्हणाला.

मी सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे आणि मला ते घर एकटीनं ओलांडायची भीती वाटते. भाऊजींना पाठवू नकोस, त्यांना तेवढं चालवत नाही. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, नुसती बरोबर चाल.

धाकटी